रोज तेच विचारणाऱ्या ओळीस खुलं पत्र

ईव्हॅलच्या ओळीस,

मायना एवढाच. तुला नमस्कार लिहावा असं तू काही केलेलं नाहीस, आणि खोटा आदर दाखवायची माझी तयारी नाही. तुला खासगीत सुनावून भागलं असतं तर हे पत्र चव्हाट्यावर आणलं नसतं. पण तू एका माणसाची डोकेदुखी राहिलेली नाहीस. ज्याने कधीतरी पायथन, नोड किंवा रुबीच्या दोन-दोन आवृत्त्या एकाच लॅपटॉपवर नांदवायचा प्रयत्न केला, त्याच्या शेलच्या आरसी फाइलमध्ये तू ठाण मांडून बसलेली सापडतेस. एकटीही नसतेस, बहिणींना घेऊन असतेस.

तुझा उद्योग काय, ते सगळ्यांसमोर सांगतो. टर्मिनल उघडलं की तू एक बाहेरचा प्रोग्रॅम चालवतेस आणि त्याला विचारतेस, ‘बाबा रे, शेलमध्ये काय काय मांडायचं?’ तो दहा-वीस ओळी, कधी काही हजार ओळी छापतो. त्या तू शेलपुढे टाकतेस आणि म्हणतेस, आता हे वाच आणि पाळ. ते उत्तर काल जे होतं तेच आज असतं. ते टूल अपग्रेड होईपर्यंत त्यात एका अक्षराचा फरक पडणार नसतो. तरी तू दर टॅबला, दर खिडकीला, एडिटरच्या पोटातल्या दर टर्मिनलला तोच प्रश्न नव्याने विचारतेस. रोज दूध घालायला येणाऱ्या माणसाला रोज पहाटे दारात उभं करून आधार कार्ड मागावं, तसला तुझा कारभार आहे.

एकेक प्रश्न फुकट पडत नाही. शेल आधी स्वतःची प्रत काढतो, म्हणजे फोर्क. त्या प्रतीच्या जागी नवा प्रोग्रॅम चढतो, म्हणजे एक्झेक. त्याच्या लायब्रऱ्या जोडल्या जातात, तो छापतो, पाइपमधून मजकूर येतो, आणि शेल तो पहिल्यापासून पार्स करतो. प्रोग्रॅम सी किंवा गो भाषेतला असेल तर हे काही मिलिसेकंदांत उरकतं. पण पायथनची पॅकेजं सांभाळणाऱ्या कोंडाने आरसी फाइलमध्ये जो ठोकळा लिहून ठेवलेला असतो, तो आधी अख्खा पायथन इंटरप्रिटर उभा करतो. पायथन आणि रुबीच्या आवृत्त्या सांभाळणारे पायएन्व्ह आणि आरबीएन्व्ह तर स्वतःच शेल स्क्रिप्ट आहेत. त्यांना हाक मारली की ते आणखी प्रोसेसेस जन्माला घालतात. शिवाय दोघेही सुरुवातीलाच रीहॅश करतात. प्रत्येक कमांडच्या नावाने त्यांनी एक छोटी तोतया फाइल ठेवलेली असते, शिम म्हणतात तिला, आणि त्या सगळ्या शिम पुन्हा तपासून ताज्या करणं म्हणजे रीहॅश. नवीन पॅकेज बसवलं, तर त्याची गरज आहे. नुसती खिडकी उघडली म्हणून कोणतं पॅकेज बसतं? ‘नो-रीहॅश’ नावाचा पर्याय त्या दोन्ही टूलमध्येच दिलेला आहे, आणि तू तो लावत नाहीस.

आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलीने मला विचारलं, ‘सर, लॅपटॉपच स्लो आहे, आयटीवाल्यांकडे रॅम वाढवून मागू का?’ तिच्याशेजारी बसून पाहिलं. तिने टॅब उघडला, डाव्या कोपऱ्यात कर्सर लुकलुकत राहिला, प्रॉम्प्टचा पत्ता नाही. ती वाट न बघता ‘गिट स्टेटस’ टाइप करत होती. ती अक्षरं आधी कोऱ्या स्क्रीनवर उघडीबोडकी उमटायची, मग प्रॉम्प्ट यायचा आणि त्याच्यापुढे तीच अक्षरं दुसऱ्यांदा उमटायची. याची तिला इतकी सवय झाली होती की त्यात काही गैर आहे हेच तिला वाटेनासं झालं होतं. तिच्या कामाचा रोजचा वेळ तू खाल्लास, त्याहून मला याचा राग जास्त आहे. चांगल्या यंत्रावर बसलेल्या, हुशार, हात भरभर चालणाऱ्या मुलीला तू पटवून दिलंस की दोष तिच्या यंत्राचा आहे.

आम्ही झेड-शेलचा स्वतःचा प्रोफायलर लावला. आरसी फाइलच्या पहिल्या ओळीत झेड-प्रोफचं मॉड्यूल चढवायचं, शेवटच्या ओळीत झेड-प्रोफ म्हणायचं, की कोणत्या फंक्शनने किती मिलिसेकंद घेतले याचा तक्ता समोर येतो. तक्त्यात सगळ्यात वर कॉम्प-इनिट, आणि त्याच्या पुढच्या ‘कॉल्स’च्या रकान्यात आकडा 2. टॅब दाबल्यावर सुचणाऱ्या पूर्ततांची सगळी यंत्रणा उभी करणारं हे फंक्शन. ते ठरलेल्या फोल्डरांमधल्या पूर्तता-फाइली मोजतं, आधी साठवून ठेवलेल्या डंप फाइलशी ताडून बघतं, आणि त्या फोल्डरांवर भलत्याच कोणाला लिहिण्याची परवानगी नाही ना, याची झडती घेतं. झडती रास्त आहे. एकदा रास्त आहे. इथे शेलच्या फ्रेमवर्कने ती एकदा घेतली होती, आणि खाली कुठल्याशा टूलच्या सूचनेवरून चिकटवलेल्या ओळीने दुसऱ्यांदा. उबुंटूवर तर सिस्टिमची स्वतःची झेड-शेल फाइलही कॉम्प-इनिट चालवते. ते नको असेल तर तसा व्हेरिएबल झेडशएन्व्ह फाइलमध्ये आधीच मांडून ठेवावा लागतो. म्हणजे एका खिडकीसाठी तीनदा झडती होऊ शकते.

पण तक्त्यातली बेरीज आणि घड्याळ जुळेना. सगळ्या फंक्शनांचे मिलिसेकंद मिळवले तरी निम्मा वेळ हिशेबाबाहेर राहत होता. इथे तुझी खरी लबाडी उघडी पडली. झेड-प्रोफ फक्त शेलच्या फंक्शनांची नोंद ठेवतो. तू फंक्शन नाहीस, फाइलमध्ये मोकळी पडलेली ओळ आहेस. तू बाहेरच्या प्रोग्रॅमची वाट बघत कितीही वेळ काढलास तरी तुझं नाव त्या तक्त्यात चढत नाही. म्हणूनच लोक तक्ता बघतात, कॉम्प-इनिटला शिव्या घालतात, एखादी थीम बदलतात, आणि तू जिथल्या तिथे. तुला पकडायचं तर चालणारी प्रत्येक ओळ छापणारा एक्सट्रेस चालू करावा लागतो आणि प्रत्येक ओळीपुढे वेळेचा शिक्का छापून घ्यावा लागतो. बॅशमध्येही हे जमतं, 5.0 आवृत्तीपासून मायक्रोसेकंदांपर्यंतची वेळ देणारा व्हेरिएबल शेलमध्येच आहे, त्यासाठी ‘डेट’ कमांडला हाक मारावी लागत नाही. ते छापील लांबलचक भेंडोळं खाली सरकवत गेलो आणि जिथे जिथे दोन शिक्क्यांमध्ये मोठी फट होती, तिथे तिथे तू होतीस.

शिवाय ‘आय’ पर्याय देऊन शेल उघडायचा, लगेच बंद करायचा आणि त्याला किती वेळ लागला तो मोजायचा, अशी एक सोपी चाचणी लोक करतात. ती पहिल्या तपासाला ठीक आहे, पण माणूस प्रॉम्प्टची वाट बघतो, शेल बंद होण्याची नव्हे. काही फ्रेमवर्क निम्मं काम प्रॉम्प्ट छापतानाच करतात, ते या चाचणीत दिसत नाही.

तू म्हणशील, युनिक्समध्ये असंच चालत आलंय. साफ खोटं. 1979 च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बॉर्न यांचा शेल आला. तो ‘प्रोफाइल’ फाइल लॉगिन करताना वाचायचा, आणि त्यातून पुढे उघडलेले शेल ती पुन्हा वाचत नसत. त्याच काळात बर्कलीत बिल जॉय यांनी सी-शेल लिहिला आणि दोन फाइली वेगळ्या केल्या: एक प्रत्येक शेलसाठी, दुसरी फक्त लॉगिनसाठी. काय एकदाच करायचं आणि काय दरवेळी, हा विवेक तेव्हापासून शेलच्या रचनेतच आहे. ब्रायन फॉक्स यांच्या 1989 च्या बॅशने तो सांभाळला, पॉल फॉलस्टॅड यांनी प्रिन्स्टनला असताना 1990 मध्ये लिहिलेल्या झेड-शेलने तर आणखी बारीक केला. एन्व्ह, प्रोफाइल, आरसी, लॉगिन अशा चार जागा आखून दिल्या आहेत. एवढ्या जागा असताना तू मात्र नेमकी आरसीत येऊन बसलीस. मॅकच्या टर्मिनलमध्ये आणि टीमक्समध्ये तर दर नवा शेल लॉगिन शेल म्हणूनच उघडतो, त्यामुळे जुनी आखणी तिथे आधीच विस्कटलेली आहे. ती सावरायची सोडून तू तिच्यावर ओझं वाढवलंस.

शेलच्या सुरुवातीचा वेळ वाचवण्यासाठी माणसांनी केवढी उस्तवार केली आहे, तेही ऐक. 2006 च्या उबुंटू 6.10 मध्ये सिस्टिमच्या स्क्रिप्ट चालवणारा ‘एसएच’ बॅशवरून काढून डॅशकडे दिला गेला, कारण डॅश छोटा आहे, चटकन उभा राहतो, आणि बूट होताना असंख्य स्क्रिप्ट चालतात. डेबियनने 2011 च्या 6.0 आवृत्तीत तेच केलं. त्यापायी बॅशवर विसंबलेल्या स्क्रिप्ट लोकांनी शोधून शोधून दुरुस्त केल्या. एवढ्या कष्टाने वाचवलेले मिलिसेकंद तू एका फटक्यात उधळतेस, तेही कोणाला न विचारता.

आणि ‘एवढ्याशा वेळाने काय बिघडतं’ हे तर बोलूच नकोस. जेकब नील्सन यांनी 1993 च्या ‘यूजेबिलिटी इंजिनिअरिंग’ पुस्तकात मर्यादा मांडून ठेवल्या आहेत: 0.1 सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तर माणसाला तो तत्काळ वाटतो, 1 सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, त्यापुढे ती तुटू लागते. टर्मिनल उघडणारा माणूस डोक्यात काहीतरी धरून उघडतो. लॉगमधली ती एक ओळ, त्या ब्रँचचं नाव, तो पोर्टचा आकडा. प्रॉम्प्ट येईपर्यंत ते निसटतं.

याहून वाईट तर सर्व्हरवर घडतं. रात्री यंत्रावर भार चढलेला असतो, मेमरी भरलेली, प्रोसेसेसची मर्यादा गाठत आलेली. कोणीतरी ते सावरायला एसएसएचने आत शिरतो. अशा वेळी बॅशला फोर्क जमत नाही, तो संसाधन उपलब्ध नसल्याचा निरोप छापतो आणि थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करतो. त्या माणसाला एक साधा प्रॉम्प्ट हवा असतो, एक ‘किल’ कमांड देण्यापुरता. आणि तू तिथे क्लस्टरच्या कमांडच्या पूर्तता तयार करत बसलेली असतेस. टॅब दाबून सुचवण्या मागायला त्या रात्री त्याच्याकडे सवड नसते. आग लागलेल्या घराच्या दारात तू पाहुण्यांची नोंदवही धरून उभी असतेस असं म्हणणार होतो, पण उपमा राहू दे. प्रत्यक्ष जे घडतं ते पुरेसं भयानक आहे. सर्व्हरवरच्या आरसी फाइलमध्ये तुझी एकही बहीण असता कामा नये, यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे.

तुझ्या घराण्यातल्या एकीचं नाव वेगळं काढून घेतो, कारण तिचा गुन्हा निव्वळ वेळेचा नाही. एसएसएच-एजंट चालवणारी ओळ. ती दर शेलला नवा एजंट सुरू करते, आणि शेल बंद झाला तरी तो एजंट मागे जिवंत राहतो. ‘पीएस’ची यादी काढली की एकाखाली एक तेच नाव, रांगच्या रांग. आधीच्या एजंटला दिलेली किल्ली नव्या शेलला माहीत नसते, म्हणून पासफ्रेज पुन्हा विचारला जातो. लोक वैतागतात आणि किल्लीवरचा पासफ्रेजच काढून टाकतात. एका आळशी ओळीपायी सुरक्षेलाच भोक पडतं. एजंट एक असावा, लॉगिनच्या वेळी सुरू व्हावा, आणि सगळ्या शेलांनी त्याचाच सॉकेट वापरावा.

तुझ्या बचावाचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी डावलणार नाही. उत्तर एकदा विचारून फाइलमध्ये लिहून ठेवलं, तर टूल अपग्रेड झाल्यावर ती फाइल शिळी होते. मग तू म्हणतेस, त्यापेक्षा दरवेळी विचारलेलं बरं. लोक यावर तोडगा काढतात तो असा: टूलची बायनरी साठवलेल्या फाइलपेक्षा नवी आहे का हे शेललाच तपासू द्यायचं. शेलची स्वतःची चाचणी ती, तिला फोर्क लागत नाही. बऱ्याचदा एवढं पुरतं, पण आंधळेपणाने विसंबू नये. पॅकेजमधून येणाऱ्या बायनरीवर बरेचदा तिच्या बांधणीची तारीख असते, तुमच्या यंत्रावर ती कधी उतरली त्याची नसते. साठवलेली फाइल परवाची आणि काल उतरवलेली बायनरी गेल्या महिन्यात बांधलेली, असं झालं की चाचणी म्हणते सगळं ताजं आहे. म्हणून मी साठवलेल्या फाइली अपग्रेडच्या कमांडबरोबरच पुसून टाकायला सांगतो. बदल जिथे घडतो तिथेच तो नोंदवला जावा. दिवसभर उघडणाऱ्या प्रत्येक खिडकीने त्याची चौकशी का करावी?

पूर्ततांसाठी तर तुझी मुळीच गरज नव्हती. क्यूब-सीटीएलसारखं टूल जो मजकूर छापतं, तो झेड-शेलच्या पूर्तता-फोल्डरमध्ये खालची रेघ आणि कमांडचं नाव जोडून ठेवला, की शेल तो आपणहून ओळखतो, आणि त्या कमांडपुढे पहिल्यांदा टॅब दाबेपर्यंत उघडूनही बघत नाही. शेलमध्ये ही सोय अंगभूत आहे. ती असताना हजारो ओळी दर उघडणीला पार्स करायला लावणं ही नुसती खोगीरभरती.

नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या एनव्हीएमचं दुखणं जरा निराळं. तिथे तू नसतेस, पण वृत्ती तुझीच. हजारो ओळींची स्क्रिप्ट आरसी फाइलमध्ये चढते आणि चढल्याचढल्या कोणती नोड आवृत्ती वापरायची हे शोधायला लागते. ‘नो-यूज’ पर्यायाने तो शोध टळतो. कोणी स्क्रिप्टच पुढे ढकलतात: एनव्हीएम नावाचं छोटं फंक्शन ठेवायचं, पहिल्यांदा हाक आली की ते खरी स्क्रिप्ट चढवून स्वतः बाजूला होतं. यात एक खाच आहे. एडिटर किंवा मेक फाइल नोडला थेट शोधायला जातात, तुमच्या फंक्शनला विचारत नाहीत, आणि त्यांना नोड सापडत नाही. तेव्हा नेहमीच्या आवृत्तीचा रस्ता पाथमध्ये आधीच घालून ठेवावा लागतो. एवढं केलं की बाकीचं काम थांबू शकतं.

किरकोळीत मोडणाऱ्या तुझ्या चुलत बहिणींचाही समाचार घेतो. यंत्राचं नाव विचारायला ‘होस्टनेम’, माणसाचं नाव विचारायला ‘हू-अ‍ॅम-आय’, सिस्टिम कोणती ते विचारायला ‘यूनेम’. ही उत्तरं बहुधा शेलच्या व्हेरिएबलांत आधीच असतात. जे हातात आहे ते विचारायला दुसऱ्या प्रोसेसला जन्म कशाला? पाथमध्ये तेच फोल्डर पुन्हा पुन्हा जोडणाऱ्या ओळीही त्यातल्याच. शेलमध्ये शेल उघडत गेलं की पाथ मारुतीच्या शेपटीसारखा वाढत जातो. झेड-शेलला ‘टाइपसेट यू’ एवढं सांगितलं की एक फोल्डर एकदाच राहतो.

त्या मुलीच्या फाइलमध्ये आम्ही हे सगळं बसून केलं. दुसरा कॉम्प-इनिट गेला, पहिल्याला झडती दिवसातून एकदाच घ्यायला सांगितली, बाकीच्या वेळी झडती टाळणारा ‘सी’ पर्याय. पूर्तता फोल्डरमध्ये गेल्या. तुझ्या बहिणींची उत्तरं फाइलमध्ये गेली. तिने टॅब उघडला आणि प्रॉम्प्ट आधीच तिथे होता. तिने आणखी दोन टॅब उघडून पाहिले. रॅमचा अर्ज तिने पाठवला नाही.

तुला तिथे आणून बसवणारेही या पत्रातून सुटणार नाहीत. इन्स्टॉलर शेवटी विचारतो, ‘आरसी फाइलमध्ये ओळ जोडू का?’, माणूस एंटर दाबतो, आणि भटाला दिली ओसरी. टूल लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: ज्या गोष्टीचं उत्तर इन्स्टॉल करताना ठाऊक असतं, ते इन्स्टॉल करतानाच फाइलमध्ये लिहा. पूर्तता फोल्डरमध्ये ठेवा. अपग्रेडच्या वेळी ती फाइल तुम्हीच बदला. तुमच्याइतकं अचूक ते दुसऱ्या कोणाला कळणार नाही. तुमच्या टूलचा वेग तुम्ही बारकाईने मोजता, पण ते नुसतं बसवल्याने दुसऱ्याच्या शेलवर किती भार पडतो, तेही मोजा आणि माहितीपत्रकात छापा.

आमच्याकडच्या नव्या लॅपटॉपांवर जी आरसी फाइल जाते, तिच्यात आता बाहेरचा प्रोग्रॅम चालवणारी ओळ घालायची तर वर शेरा लिहावा लागतो: हे दरवेळी का विचारायचं, आणि उत्तर कशामुळे बदलू शकतं. ज्याला हा शेरा लिहिता येतो त्याची ओळ राहते. तुझ्यासाठी तो अजून कोणालाही लिहिता आलेला नाही.

– रोज टर्मिनल उघडणारा एक जण